सोडल्यावर काय मिळतं?



पत्रिकेवर 'स्मृती व्याख्यान' एवढंच छापलंय. कोणाची स्मृती, ते छापलेलं नाही. छपाईत राहून गेलं असं काहींना वाटलं, दोघा-तिघांनी येताना मला विचारलंही. ते राहून गेलेलं नाही, मुद्दाम वगळलंय. ज्यांच्यासाठी आपण जमलो ते याच भागातले, आणि इथल्या निम्म्या लोकांना ते कोण हे ठाऊक आहे. त्यांनी दारू सोडली, नंतरचं सगळं आयुष्य दुसऱ्यांची सुटावी म्हणून घालवलं, आणि अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेच्या रिवाजाप्रमाणे त्या कामाला आपलं नाव कधी लावू दिलं नाही. घरच्यांनीही तेच पाळायचं ठरवलं. आपल्याकडे साध्या पंख्यावरही देणगीदाराचं नाव रंगवतात. त्या मानाने हे अवघड व्रत म्हणायचं.

मला विषय दिला होता 'दारूचे दुष्परिणाम'. मी तो बदलून मागितला. माझी नोकरी सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात झाली. पिणारा माणूस समोर बसला की दारूचे दुष्परिणाम त्याला माझ्याहून जास्त माहीत असतात. कोणाची कावीळ कशी उलटली, कोणाची जमीन कोणाच्या घशात गेली, कोण विहिरीच्या कडेला सापडला, हे तोच मला सांगतो. सांगताना हात कापत असतात. त्याला माहीत नसतं ते एकच. सोडली, तर मिळणार काय? ते त्याला कोणी सांगितलेलं नसतं, कारण ते सांगायची आपल्याकडे सवयच नाही.

आपली सवय भीती घालायची. राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' घ्या. १९१९ साली गडकरी गेले आणि त्यानंतर ते नाटक रंगभूमीवर गाजलं. बालगंधर्वांच्या सिंधूने महाराष्ट्राला रडवलं. नाटकातला वकील सुधाकर कसा घसरत जातो ते आपल्याला पाठ आहे: कोर्टात अपमान, सनद काही काळासाठी जप्त, तळीरामाने पुढे केलेला पहिला प्याला, आणि मग उतारच उतार. पण त्याच नाटकातली एक गोष्ट आपण पटकन विसरतो. सुधाकर मध्येच दारू सोडतो. पुन्हा उभं राहायचं म्हणून ओळखीच्यांकडे काम मागायला जातो, आणि कोणी त्याला जवळ करत नाही. तो परत प्याल्याकडे वळतो तो त्यानंतर. शंभर वर्षं आपण त्या नाटकाचं तात्पर्य 'पहिला प्याला घेऊ नका' असं सांगत आलो. मला त्यातलं दुसरं प्रकरण जास्त खरं वाटतं. ज्याने सोडली त्याला आपण काय दिलं?

आता एक डॉक्टर म्हणून जरा बाजूला जाऊन बोलतो, कारण हे आज इथे बोललो नाही तर पाप लागेल. जो माणूस रोज, सकाळपासून पितो, त्याने एखाद्या एकादशीला तुळशीची माळ घातली आणि त्याच दिवशी सगळं एकदम बंद केलं, तर ते धोक्याचं असतं. पहिल्याच दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, कोणी मारायला आलंय असं वाटतं, ताप चढतो. उपचार नाही मिळाले तर माणूस दगावतो. घरचे म्हणतात, 'देवाचं काहीतरी चुकलं' किंवा 'बाहेरचं झालं'. देवाचं काही चुकलेलं नसतं. मेंदूला वर्षानुवर्षं दारूची सवय लागलेली असते, ती काढून घेतल्यावर तो खवळतो. यावर साधी, स्वस्त औषधं आहेत. बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आहेत. आठवडाभर दवाखान्यात काढला की हा घाट उतरता येतो. माळ जरूर घाला, पण आधी जिल्हा रुग्णालयात या. १४४४६ हा सरकारचा व्यसनमुक्तीचा फोन फुकट आहे.

आणि विजेच्या खांबावर, एसटी स्टँडच्या भिंतीवर 'न सांगता दारू सोडवा' अशी जाहिरात असते, तिच्या नादी लागू नका. त्या पुडीत काय असतं हे पुडी विकणाऱ्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. डायसल्फिराम नावाचं एक खरं औषध आहे, १९४८ साली डेन्मार्कमध्ये पुढे आलं. ते घेऊन कोणी प्यायला तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो. समजून-उमजून, तपासण्या करून घेतलं तर त्याचा उपयोग होतो. आमटीतून चोरून घातलं तर आधीच हृदय कमजोर असलेला माणूस जिवानिशी जाऊ शकतो. शिवाय, ज्या घरात जेवणावरचाच विश्वास उडाला तिथे पुढे काय उभं राहणार?

असो. पहिला आठवडा पार पडला. शरीर लवकर माफ करतं. यकृतावरची नुसती चरबी असेल तर काही आठवड्यांत उतरायला लागते, रक्तदाब खाली येतो, भूक लागते. झोप मात्र रुसून बसते, तिला महिने लागतात. आणि मन? इथे मी खरं तेच सांगणार. सोडल्यानंतरचे पहिले काही महिने कशालाच चव नसते. लग्नाची पंगत, जत्रा, पोराने मिळवलेले मार्क, सगळं फिकं. मेंदूला वर्षं वर्षं मोठ्या आवाजाची सवय लागलेली असते, हळू बोललेलं त्याला ऐकूच येत नाही. संध्याकाळचे सात वाजले की पाय आपोआप त्या वाटेला लागतात. या काळात माणूस म्हणतो, 'साहेब, सोडली, पण काय फायदा?' बहुतेक जण परत पितात ते याच टप्प्यावर. खूप वाईट घडलं म्हणून पितात असं कमीच. चांगलं काही घडेना म्हणून पितात.

चांगलं घडायला लागतं ते इतकं बारीक असतं की दाखवून द्यावं लागतं.

ऊसतोडीचं बघा. आपल्या जिल्ह्याला ते नवीन नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला कोयता निघतो, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातो, आणि मार्च-एप्रिलपर्यंत फडातच. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची. पहाटे गाडी भरायला उठायचं, दिवसभर तोडायचं, मोळ्या वाहायच्या. अंग ठणकतं. 'घोटभर घेतल्याशिवाय डोळा लागत नाही' असं म्हणणाऱ्याला मी खोटारडा म्हणणार नाही. दारूने डोळा लागतो हे खरंच आहे. पण ती झोप मध्यरात्रीनंतर मोडते, आणि पहाटे तो माणूस आदल्या दिवसापेक्षा जास्त थकलेला उठतो. मग परत घोट. फडात रोकड हातात येते ती दोन वाटांनी, एक मुकादमाची खर्ची आणि दुसरे वाढे. उसाचे शेंडे चाऱ्याला विकले की रोजच्या रोज चार पैसे सुटे मिळतात, आणि हेच सुटे पैसे पहिल्यांदा गुत्त्यावर जातात. एका टोळीतल्या बाईने मला नवऱ्याने सोडल्याची खूण सांगितली ती अशी: 'वाढ्याचे पैसे आता माझ्याकडंच ऱ्हातेत. पट्टा पडला तेव्हा त्यातूनच पोरीला दोन ड्रेस घेतले.' पट्टा पडणं म्हणजे हंगाम संपणं. तिच्या हिशोबात व्यसनमुक्ती म्हणजे दोन ड्रेस. मी हा हिशोब कुठल्याही अहवालापेक्षा वर ठेवतो. तसा अहवालही आहे. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यातल्या ५.७ कोटींना मदतीची गरज आहे असं निघालं. दोन ड्रेसची बाई त्या आकड्यात कुठेच नाही.

दुसरी एक बाई. तिला मी विचारलं, घरात काय बदललं? ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, 'काही नाही. आता भाजीत मीठ जास्त पडलं तर मीच सांगते, पडलं म्हणून.' आधी काय व्हायचं ते मी विचारलं नाही. तुम्हीही विचारणार नाही.

घरातल्या पोरांचंही तसंच. पिणाऱ्या बापाची पोरं मोटारसायकलचं स्टँड लावण्याच्या आवाजावरून ओळखतात, आज कसा आलाय ते. एका दणक्यात लावलं तर ठीक, दोन-तीनदा घसरलं तर पुस्तक मिटून आजीच्या खोलीत. बापाने सोडल्यावर ही कानांची पहाऱ्याची नोकरी सुटते. पण लगेच सुटत नाही हं. वर्ष-दीड वर्ष पोरं कान देतच राहतात. बापाला याचा राग येतो: 'मी सोडली तरी ही माझ्याकडं अशी का बघतेत?' त्याला सांगावं लागतं, बाबा रे, तुझं व्यसन दहा वर्षांचं, त्यांची भीतीही तेवढीच जुनी. तिला सुटायला तिचा वेळ दे.

आता जी गोष्ट सांगायला मी या नारायणगडावर आलो, ती सांगतो. एका गावात सप्ताह होता. आपल्याकडच्या सप्ताहात काय असतं तुम्हाला वेगळं सांगायला नको: पारायण, काकडा, हरिपाठ, रात्री कीर्तन, शेवटी काल्याचं, आणि आठही दिवस अन्नदान. घरटी वर्गणी जमते. त्या वर्षी वर्गणीची पिशवी समितीने अशा माणसाकडे दिली, ज्याने जेमतेम वर्षभरापूर्वी सोडली होती. आधी हा माणूस बहिणीच्या लग्नाचे पैसे उडवणारा म्हणून प्रसिद्ध. समितीत भांडण झालं. एका म्हाताऱ्या विणेकऱ्याने एवढंच म्हटलं, 'त्याच्याकडंच द्या.' हा माणूस दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला. तपासणीची तारीखही नव्हती. डोळे लाल. मला शंका आली. तो म्हणाला, 'नाही साहेब, घेतली नाही. झोपलोच नाही रातभर. पिशवी उशाखाली अन् मी जागा. तीनदा मोजले.' मी विचारलं, किती होते? तो चिडलाच. 'तुम्ही बी तेच विचारायलेत! किती व्हते ते सोडा. माझ्याकडं दिले!'

नोकरीत मी बऱ्याच गोळ्या लिहून दिल्या. त्या पिशवीइतकी लागू पडलेली एकही आठवत नाही.

दारू माणसाचं यकृत खाते, पैसा खाते, सगळं खरं, पण त्या सगळ्याआधी ती त्याची पत खाते. तो बोलायला लागला की लोक एकमेकांकडे बघतात. सोयरिकीच्या बैठकीत त्याला मागे बसवतात. दुकानदार त्याला उधार देत नाही, आणि बायको नकळत त्याच्या हातातून पोर काढून घेते. सोडल्यावर तब्येत आपोआप सुधारते, पत आपोआप सुधारत नाही. ती दुसऱ्यांनी द्यावी लागते. आणि ऊसतोड्याला मुकादम काम व्हायच्या आधी उचल देतो, तशी ती आधी द्यावी लागते. सुधाकरला ती मिळाली नाही. या माणसाला मिळाली, एका विणेकऱ्याच्या दोन शब्दांनी.

नारायणगडाला आपण धाकटी पंढरी म्हणतो. संत नगद नारायण महाराजांपासून इथे विठ्ठलाची उपासना, दिंडी, माळ ही परंपरा चालत आली. याच गडावर माणिकबाबांच्या हाताखाली भगवानबाबा घडले आणि पुढे त्यांनी पाथर्डी तालुक्यात भगवानगड उभा केला. या डोंगराळ, कमी पावसाच्या मुलखात माळेने जेवढी माणसं दारूपासून लांब ठेवली, तेवढी आमच्या खात्याने ठेवली असं म्हणायची माझी हिंमत नाही. का ठेवली? गळ्यात तुळशीचे मणी आले म्हणून मेंदू बदलत नाही. पण माळ घातली की त्या माणसाला संध्याकाळी जायला एक जागा मिळते. सातच्या वाटेला लागलेले पाय हरिपाठाला वळतात. पंगतीत त्याची जागा असते. टाळ हातात येतो, म्हणजे हाताला काम येतं. दिंडीत शेजारी चालणारा त्याला 'माउली' म्हणतो, कालपर्यंत ज्याला गाव 'बेवडा' म्हणत होतं त्याला. आधी पत दिली जाते, पात्रता मागाहून येते.

गाडगेबाबांना हे नेमकं उमगलं होतं. आपल्या मुलीच्या बारशाला भाऊबंदांच्या रिवाजाप्रमाणे मटण-दारू न ठेवता त्यांनी गोडाधोडाचं जेवण घातलं. भाऊबंद रागावले. पण बघा, त्यांनी पंगत रद्द केली नाही. दारू काढली आणि त्या जागी गोड वाढलं. ओहायो राज्यातल्या अॅक्रन गावी १९३५ साली तेच घडलं. बिल विल्सन नावाचा शेअर दलाल, स्वतः पिऊन बरबाद झालेला, परगावी एकटा पडला, आणि पिण्याची ओढ अनावर झाल्यावर त्याने बाटलीऐवजी दुसरा दारुडा शोधला. तो निघाला डॉक्टर बॉब स्मिथ. दोघे बोलत बसले. त्या वर्षी १० जूनला डॉ. बॉब शेवटचं प्यायले आणि तोच अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचा स्थापना दिवस धरतात. ज्यांच्या स्मृतीत आपण बसलोय ते म्हणायचे की आपली बैठक म्हणजे टाळ नसलेला हरिपाठ. मला ते पटतं.

पुण्यात अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लेख लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी एक लाख रुपये दिले, आणि १९८६ च्या ऑगस्टमध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. ते केंद्र खरं चालवलं डॉ. अनिता अवचटांनी. त्या मानसोपचारतज्ज्ञ, १९९७ साली कॅन्सरने गेल्या. बाकी कोणी म्हणेल की तिथे शिस्त होती, समुपदेशन होतं. होतंच. मला वेगळंच दिसतं. अवचट स्वतः बासरी वाजवत, कागदाच्या घड्या घालून मोर करत, लाकडात मूर्ती कोरत. ज्यांची बोटं थरथरत होती त्यांच्यासमोर हा माणूस आपल्या बोटांनी आनंद करून दाखवत होता. व्यसनमुक्तीच्या कामातला एवढा मोठा माणूस आयुष्यभर रसिक राहिला, हा योगायोग नसावा.

दारूबंदीच्या कायद्यावर मी फार बोलणार नाही. वर्धा, गडचिरोली इथे बंदी आहे, चंद्रपुरात २०१५ साली आली आणि २०२१ मध्ये उठली, दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं बरंच आहे. गावातल्या बायका मतदान करून बाटली आडवी करतात तेव्हा मी त्यांच्या बाजूला असतो, कारण दुकान लांब गेलं की पोराचा पहिला घोट लांबतो. पण दुकान बंद झाल्यावर संध्याकाळी सातला काय करायचं, हे कायदा सांगत नाही.

माळेचीही दुसरी बाजू आहे, आणि ती गडावर बसूनच बोलली पाहिजे. माळ घातलेला माणूस घसरला की आपण त्याला दुप्पट मारतो. 'देवाला फसवलं' म्हणतो. तो माळ खुंटीला टांगतो, हरिपाठाला येणं बंद करतो, आणि लाजेने पूर्वीपेक्षा जास्त पितो. वैद्यकात आम्ही असं घसरणं आजाराचाच भाग धरतो. दम्याच्या माणसाला परत दम लागला तर आपण त्याला पंगतीतून उठवत नाही. व्यसन बऱ्याचदा पहिल्या खेपेला सुटत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला सुटतं. त्या मधल्या काळात दार उघडं राहिलं की नाही, यावर पुढचं सगळं ठरतं.

म्हणून सप्ताह समित्यांना, दिंडीप्रमुखांना, गडाच्या मंडळींना माझी एक मागणी आहे. पुढच्या सप्ताहात आपल्या गावात ज्याने नुकती सोडलीय अशा एका माणसाला काम द्या. व्यासपीठावर बोलावून सत्कार करू नका, त्याने तो अवघडतो, आणि चार जण 'बघू किती दिवस' म्हणतात. काम द्या. आधी वाढपाचं द्या, बादली आणि पळी हातात द्या. वर्षभर टिकला तर वर्गणीची वही द्या. कोणी म्हणेल, साहेब, तो वर्गणी घेऊन पळाला तर? पळूही शकतो. म्हणून तर सुरुवात बादलीपासून करा म्हणतो. आणि मध्येच घसरला तर वही काढून घ्या, भांडण करू नका, दवाखान्यात पाठवा. पुढच्या सप्ताहाला परत आला तर पंगत बसायच्या आधी कोणीतरी त्याला हाक मारा: ये रे, आमटी तुझ्याकडं.